देवीची श्रमनिद्रा, घरची यादी

यंदा ज्येष्ठ अधिक आला आणि पुढचे सगळे सण जवळजवळ तीन आठवडे लांबले. आज, 11 ऑक्टोबरला, घट बसत आहेत. दसरा 20 तारखेला, कोजागरी 25 ला आणि लक्ष्मीपूजन थेट 8 नोव्हेंबरला. गेल्या वर्षी घट 22 सप्टेंबरलाच बसले होते आणि पावसाने तेव्हा माघार घेतलेली नव्हती. मोसमी पाऊस मुंबईतून परत फिरण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने 2020 मध्ये 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर नेली. म्हणजे ज्या वर्षी सण लवकर येतात त्या वर्षी नवरात्र पावसात सापडते आणि अधिक महिन्याच्या वर्षी ते उन्हात सुटते. पंचांग आणि पाऊस यांचे हे जमणे-बिनसणे शेतकऱ्याच्या घरात सगळ्यात आधी कळते.

गेल्या वर्षी ते कळले, आणि वाईट रीतीने कळले. घट बसले त्याच आठवड्यात सीना नदीला पूर आला. सोलापूर, धाराशिव, बीड या जिल्ह्यांत काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले आणि कित्येक ठिकाणी शेताचा वरचा सुपीक थरच खरवडून गेला. घट मांडतात तो शेतातल्या मातीवर. परडीत नाहीतर पत्रावळीवर काळी माती पसरायची, तीत गहू, ज्वारी, जे घरात असेल ते बी टोकायचे, मधोमध पाण्याने भरलेला घट ठेवायचा आणि रोज एक माळ चढवायची. दहाव्या दिवशी वीतभर पिवळट कोंब वर आलेले असतात. दसऱ्याला हे धन देवाला वाहून मग पुरुषांच्या टोपीत-फेट्यात खोचले जाते. बियाण्याची उगवण घरातच पाहून घेण्याची ही रीत रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर येते, हे अभ्यासक अनेकदा सांगतात. पण जिथे शेतातली मातीच वाहून गेली, तिथे त्या आठवड्यात परडीत काय घातले असेल, असा प्रश्न शहरात ‘पॅकिंगची घटाची माती’ विकत घेणाऱ्याला पडत नाही.

यंदा आणखी एक गंमत आहे. अधिक महिना चांद्र तिथींना पुढे ढकलतो, पण सूर्याच्या नक्षत्रांना त्याचे काही सोयरसुतक नसते. सूर्य सप्टेंबरच्या अखेरीस हस्तात शिरतो आणि ऑक्टोबरच्या दहा-अकरा तारखेला चित्रात जातो, मग सण कधीही येवोत. म्हणजे यंदा घट बसेपर्यंत हस्ताचा हत्ती निघून गेलेला आहे. ज्यांच्याकडे भोंडला नवरात्रात धरतात, त्यांना पाटावर जो हत्ती काढायचा आहे तो या वर्षी आकाशातून गेल्यानंतरचा आहे. त्याने फेर धरणाऱ्यांचे काही अडणार नाही. पुणे-नाशिककडचा भोंडला, कोल्हापूर-सांगलीकडचा हादगा आणि विदर्भ-खानदेशातली भुलाबाई ही तिन्ही एकाच घरातल्या मुली असाव्यात, इतक्या एकमेकींसारख्या आहेत. गाणी म्हणायची, फेर धरायचा आणि शेवटी झाकलेल्या डब्यात खिरापत काय आहे ते ओळखायचे. ओळखता येऊ नये म्हणून यजमानीण असे काही करते की ते खाताना मुली तोंड वेडेवाकडे करतात. तोही खेळाचाच भाग.

या गाण्यांकडे जरा नीट पाहावे. आपल्या सगळ्या सणांत घरकामाची आणि सासरची तक्रार उघड, मोठ्याने, चारचौघींत, टाळ्यांच्या ठेक्यावर करण्याची सोय मुख्यतः इथे आहे. सासू, सासरा, दीर, नणंद, नवरा, माहेरी पाठवण्याची टाळाटाळ, संपता न संपणारे काम असे सगळे त्या गाण्यांत येते, आणि ते म्हणतात कोण, तर अजून लग्न न झालेल्या पोरी. पुढे काय वाढून ठेवले आहे ते त्यांना आधीच चालीसकट पाठ करून दिले जाते. आता सोसायट्यांच्या आवारात ध्वनिक्षेपकावर भोंडला होतो, खिरापतीला पावभाजीची ऑर्डर जाते, फोनवर चित्रण चालते. त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही; पावभाजी ओळखायला सोपी, एवढेच. पण तक्रारीचा मजकूर शंभर वर्षांत फारसा बदलावा लागला नाही, ही गोष्ट मात्र बोचावी अशी आहे.

घट बसण्याच्या आधी ‘दसरा काढणे’ होते. गावाकडे हा शब्द आजही रोजच्या वापरात आहे. घरातली वाकळ, गोधडी, चादर, पडदा, जे म्हणून धुण्यासारखे ते सगळे नदीवर, ओढ्यावर, विहिरीवर नेऊन आपटायचे, माळ्यावरची भांडी उतरवून घासायची, जाळी-जळमटे काढायची, भिंतीला पोतेरे फिरवायचे. भिजलेली गोधडी दोघींनी दोन टोकांना धरून पिळावी लागते, इतकी ती जड होते. शहरात हे काम धुलाई यंत्राकडे गेले, पण यंत्रात गोधडी मावत नाही आणि माळ्यावरची भांडी यंत्र उतरवून देत नाही. पंखे पुसणे आणि जाळी काढणे ही पुरुषांची कामे अशी वाटणी बहुतेक घरांत आहे. शिडीवर चढावे लागते म्हणून त्याचे कौतुक होते, आणि शिडी धरायला खाली जी उभी असते तीच नंतर जमीनही पुसते.

आता पुढचा महिना डोळ्यांसमोर आणून पाहा. या महिन्यात घरातल्या जवळजवळ प्रत्येकाला पाटावर बसवून ओवाळले जाते. दसऱ्याला आधी हत्यारे-अवजारे, मग गाडी. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर झेंडूचा हार. मुलांच्या पाट्या-वह्यांवर एक-एकच्या आकड्यांची सरस्वती. कोजागरीला घरातले थोरले अपत्य; या ओवाळण्याला ‘आश्विनी’ म्हणतात. वसुबारसेला गाय-वासरू. नरक चतुर्दशीला अभ्यंगानंतर घरातले पुरुष आणि पोरेबाळे. लक्ष्मीपूजनाला चोपड्या, पैसे, दागिने आणि चक्क केरसुणी. पाडव्याला नवरा. भाऊबीजेला भाऊ. म्हणजे माणसे झाली, जनावरे झाली, स्कूटर झाली, झाडूसुद्धा झाला. तबक मात्र सुरुवातीपासून शेवटापर्यंत घरच्या बाईच्याच हातात राहते. निरांजनात वात तिने वळलेली, तूप तिने कढवलेले, कुंकू-अक्षता तिने ठेवलेल्या, आणि ओवाळून झाल्यावर पाट उचलून भिंतीला लावणारीही तीच.

यावर लगेच उत्तर येते की तिची तर पूजा होते. अष्टमीला सवाष्ण जेवायला बोलावतात, कुमारिकांचे पाय धुतात, ओटी भरतात. नवरात्र हा तर स्त्रीशक्तीचाच उत्सव! खरे आहे. पण सवाष्ण बोलावतात ती दुसऱ्याच्या घरची. तिला पुरणपोळी वाढणारी या घरची असते, आणि बहुतेकदा ती त्या दिवशी उपाशीच असते. पूजा होते ती देवीच्या जागी बसवलेल्या बाईची. उद्या पहाटे उठून डबा करणारी जी आहे, तिला कुणी पाटावर बसवत नाही. अलीकडे नऊ दिवसांचे नऊ रंग ठरवून वर्तमानपत्रांनी नवरात्राला आणखी एक रीत जोडली. कार्यालयांत, लोकलमध्ये, बँकेत एकाच रंगाच्या साड्या दिसतात आणि खरोखर छान दिसतात. बायकांनी ही रीत आपणहून उचलली, कारण या महिन्यातल्या सगळ्या रीतींमध्ये हीच एक अशी आहे जिच्यात कुणाला काही करून वाढावे लागत नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी तिची टिंगल करण्याआधी हे लक्षात घ्यावे.

देवीला मात्र आपल्याच परंपरेने फार समंजसपणे वागवले आहे. तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा झोपते. नवरात्राच्या आधी, भाद्रपद वद्य अष्टमीपासून घोरनिद्रा. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की श्रमनिद्रा. आणि पौषात मोहनिद्रा. मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. श्रमनिद्रेसाठीचा पलंग अहिल्यानगरकडून येतो, पालखीही तिकडूनच, आणि त्यांच्या वाटेवरच्या गावांतला मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. नऊ दिवस युद्ध केले म्हणजे देवी दमली असणार, तेव्हा तिला निजू द्यावे. ती उठेल ती कोजागरीच्या पौर्णिमेला. इतकी साधी, माणसासारखी कल्पना आणि तिच्याभोवती एवढा मोठा सोहळा. लाखो माणसे त्या पौर्णिमेला तुळजापूरला चालत जातात. त्यांतली कितीतरी कुटुंबे घरी परतल्यावर पहिला प्रश्न विचारतात तो, ‘चहा टाकतेस का?’ असा. दसरा ते कोजागरी हे दिवस देवी झोपेत काढते; घरोघरी त्याच दिवसांत दिवाळीच्या सामानाची यादी होते. रवा किती, बेसन किती, गेल्या वर्षी साखर उरली होती की कमी पडली होती, खोबरे महागले का, भाजणी केव्हा घालायची.

सगळ्यांचा दसरा असाच असतो असे मात्र नव्हे. 14 ऑक्टोबर 1956 ला, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या असंख्य कुटुंबांचा आश्विन दीक्षाभूमीच्या दिशेने निघतो. मराठवाड्यातून, विदर्भाच्या खेड्यांतून, मुंबईच्या चाळींतून माणसे बायकापोरांसह रेल्वेने, ट्रकने, एसटीने नागपूर गाठतात. भाकरी आणि चटणी फडक्यात बांधलेली असते. मुक्काम मिळेल तिथे. परतताना पिशवीत पुस्तके असतात, कारण तिथल्या पुस्तकांच्या दुकानांवर जी गर्दी होते ती बघण्यासारखी असते. एकेका घरातली निरक्षर आजी नातवासाठी पुस्तक निवडताना मुखपृष्ठावरचा फोटो पाहून घेते आणि किंमत पोरीकडून वाचून घेते. सीमा ओलांडण्याचा सण घरातल्या बाईसाठीही खरोखर घराबाहेर पडण्याचा व्हावा, हे या दसऱ्याने करून दाखवले. तिथेही भाकरी तिनेच थापलेली असते, हे खरे. पण मग ती भाकरी बांधून ती स्वतः गाडीत चढते.

कोजागरी हा या सगळ्यातला सर्वांत सोपा सण. दूध आटवायचे, चारोळी, वेलची, जायफळ, केशर असेल तर केशर, आणि गच्चीवर बसायचे. कोकणात ही नवान्न पौर्णिमा. नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानात गुंफून दाराला बांधतात आणि घरात नव्या तांदळाचा भात होतो. खानदेशात त्याच रात्री भुलाबाई-भुलोजी उठतात आणि मुलींचा महिनाभराचा खेळ संपतो. गच्चीवरची कोजागरी शहरांतही टिकली, कारण तिच्यात पुरुष आपणहून भाग घेतात: पातेले ढवळणे हे काम त्यांना कमीपणाचे वाटत नाही. आटीव दुधाच्या पातेल्याच्या बुडाशी जी खरवड लागते ती घासायची वेळ येते तेव्हा मात्र चंद्र बराच कललेला असतो आणि ढवळणारे झोपलेले असतात.

खरी कसोटी फराळाची, आणि त्यात अनारशांची. यंदा अनारशांची ही दुसरी खेप आहे. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे म्हणून मे-जूनच्या उकाड्यात अनेक घरांनी ते एकदा केलेच. अनारसा उतावळ्या माणसाचा पदार्थ नाही. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे आणि पाणी रोज बदलायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना जो आंबूस वास येतो तो येऊ द्यायचा. मग ते उपसून फडक्यावर सावलीत पसरायचे. बोटांना ओल लागली पाहिजे पण दाणा बोटाला चिकटता कामा नये, अशा नेमक्या वेळी उचलून दळायचे. पूर्ण वाळले की संपले. पीठ चाळून त्यात गूळ कालवायचा, चमचाभर तूप, आणि गोळे डब्यात दाबून पाच-सहा दिवस मुरत ठेवायचे.

तळायच्या दिवशी केळीच्या पानावर किंवा पिशवीच्या कागदावर खसखस पसरतात आणि तिच्यावर लिंबाएवढी गोळी बोटांच्या टोकांनी थापतात. तूप फार तापले तर अनारसा बाहेरून काळा आणि आतून कच्चा. गूळ जास्त झाला तर तो तुपात पडताक्षणी पसरतो, फुटतो आणि कढईभर कण होतात. याला ‘अनारसा हसला’ म्हणतात. करणारीला तेव्हा रडू येत असते. खसखशीची बाजू वर ठेवून सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने त्याच्यावर तूप उडवत राहायचे. जाळी पडायला लागली की आधी कडेला बारीक बुडबुडे येतात, मग मध्ये. बाहेर काढून चाळणीत उभा टेकवायचा म्हणजे तूप निथळते. शेजारी परातीत पहिला फुटलेला अनारसा पडलेला असतो. त्याचे तुकडे घरातली पोरे पळवतात आणि तोच सगळ्यांत चांगला लागला असे सांगतात. हे कौशल्य आहे. सुतार लाकूड ओळखतो तसे पीठ ओळखण्याचे. मात्र सुताराला त्याचे पैसे मिळतात.

आता तयार फराळ मिळतो आणि तो मिळावाच. ‘विकतच्या चकलीला घरची सर नाही’ हे वाक्य बहुधा चकली पाडायला न बसणाऱ्याच्या तोंडी असते. शिवाय विकतचा फराळही कुणीतरी केलेलाच असतो. गल्लीतल्या काकू, बचत गटातल्या बायका, पोळी-भाजी केंद्रे दसऱ्यापासून रात्र-रात्र जागून भाजण्या भाजतात. परदेशी राहणाऱ्या लेकी-सुनांकडे जाणारे डबे त्यांच्याच हातचे असतात. तिकडची मराठी मंडळे जवळचा शनिवार-रविवार बघून दिवाळी करतात आणि न्यू जर्सीतही चकली कडक राहिली का, हाच विषय निघतो. फरक एवढाच की या कामाला बाजारात किलोमागे भाव लागतो आणि घरात ‘तुझ्या हाताला चव आहे’ एवढ्यावर ते भागते. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाने हा हिशेब मिनिटांत मांडला आहे. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवतात, आणि घरकाम करणारे पुरुष 88 मिनिटे. यातली मेख अशी की 88 ही सरासरी जे पुरुष काही ना काही करतात त्यांचीच आहे. जे ताटसुद्धा उचलत नाहीत ते या हिशेबात धरलेलेच नाहीत. हे वर्षभराचे गणित. आश्विनातले वेगळे मोजले तर आकडा कुठे जाईल, ते ज्याच्या त्याच्या घरात कळावे.

दिवाळी अंक हे मराठी घराचे आणखी एक वैशिष्ट्य. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचायलाही काहीतरी हवे ही सवय आपल्याला लागली. जगात फार थोड्या भाषांना अशी सवय आहे आणि तिचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण अंक घरात आल्यावर कुणाच्या हाती कधी जातो? आधी आरामखुर्चीत बसणारा तो चाळतो, मग पाहुणा नेतो, मग परत मागावा लागतो. तिच्या हाती तो तुळशीच्या लग्नानंतर येतो, तोवर कथास्पर्धेची मुदतही संपलेली असते. असे असूनही दिवाळी अंकांच्या वाचकांत, वाचनालयांच्या सभासदांत बायका मोठ्या संख्येने आहेत. त्या वाचायला वेळ काढतात कुठून, हे एक कोडेच आहे.

आणि काही घरांत दिवाळी हा निघण्याचा सण असतो. बीड, पाथर्डी, जालना या पट्ट्यातली ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पत्रे, सरपण, शेळी, कोंबड्या आणि धाकटी पोरे; शाळेतली पोरे आजीपाशी, आजी नसेल तर तीही सोबत. तिकडे फडाशेजारी कोपी उभी करायची आणि उसाचा हंगाम संपेपर्यंत तेच घर. या व्यवहारात मोजमापाचे एकक ‘कोयता’ असते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. दोघांनी तोडायचे, तिने मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या, आणि हिशेबात दोघे मिळून एक. उचल बहुतेकदा नवऱ्याच्या नावावर. ती अंधारात उठून भाकरी करते, दिवसभर फडात असते, परतून पुन्हा चुलीपाशी बसते. त्यातले निम्मे काम कोयत्यात लपते आणि उरलेले कुठेच लिहिले जात नाही. वाड्यावरच्या किंवा फ्लॅटमधल्या दिवाळीपासून ही कोपी फार लांब वाटते. हिशेबाची पद्धत मात्र दोन्हीकडे तीच आहे.

सण बंद करा असे कुणी शहाणा म्हणणार नाही. घराला वर्षातून एकदा जागे करणारे हे दिवस आहेत. माळ्यावरची धूळ, तुटलेली नाती, विसरलेली पाककृती, मुलांचा मातीचा किल्ला आणि त्यावर पेरलेल्या हळिवाचे हिरवे गवत, सगळे याच दिवसांत वर येते. गोव्यात पहाटे नरकासुर जळतो आणि घरोघर पोह्यांचे पाच-सात प्रकार होतात. कोकणात अंघोळीच्या आधी टाचेखाली कारीट फुटते. देशावर बळीचे शेणाचे चित्र निघते. हे टिकले पाहिजे, आणि त्यातल्या कामाची विभागणी बदलली तरच टिकेल. कारण आज पंचविशीतल्या मुली आईला बघून ठरवत आहेत की हे आपल्याच्याने व्हायचे नाही. त्यांना दोष देणाऱ्यांनी आधी भाजणीचा डबा गिरणीतून आणून दाखवावा. पाडव्याच्या ओवाळणीत साडीऐवजी पुढच्या वर्षीच्या चकलीची जबाबदारी घालता येते; ओवाळणारीलाही पाटावर बसवून ओवाळता येते, त्याला कोणतीही पोथी आडवी येत नाही. काही घरांनी भाऊबीजेला बहिणीलाही बसवायला सुरुवात केली आहे. त्यांच्यावर अजून तरी आकाश कोसळलेले नाही.

यंदाचे पंचांग या बाबतीत मदतीला आले आहे. पहाटेचे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळचे लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, रविवारी 8 नोव्हेंबरला आहे. म्हणजे पहाटे चारला बंब पेटवण्यापासून किंवा गीझरचे बटण दाबण्यापासून, उटणे कालवणे, सगळ्यांना तेल लावणे, ओवाळणे, फराळ मांडणे, दुपारचे गोडाचे जेवण, मग पुन्हा पूजेची मांडणी, लाह्या-बत्तासे, रांगोळी, आल्या-गेल्याची सरबराई असे रात्री दहापर्यंत सलग चालणार. पाडवा 10 ला आणि भाऊबीज 11 ला. मधला सोमवार, 9 नोव्हेंबर, भाकड. त्या दिवशी पंचांगात घरच्या बाईने करावे असे काहीही नाही. दसऱ्यानंतर देवीला जी विश्रांती मिळते ती घरी द्यायची असेल तर एवढा एक दिवस आयता हाती आला आहे. कढईत कालचे तेल असेल, डबे फराळाने भरलेले असतील, फ्रिजमध्ये वरण-भातापुरते सामान असेल. बाकीच्यांनी उठावे, कुकर लावावा, आणि तीन शिट्ट्या की चार हे विचारायला तिला उठवू नये.